दोघांसाठी हलका तंबू : साल्हेर-कुलंगला चालेल आणि वर्षातून एकदा हिमालयातही, काय घ्यावं?

ओझरकर

नमस्कार मंडळी. मी आणि माझा मावसभाऊ, दोघं दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत सुट्टी जमली की किल्ल्यावर मुक्कामी जातो. बहुतेक सातमाळ आणि बागलाण, कधी घोटीकडून कुलंग नाहीतर रतनगड. गाडी नाहीये, एसटीनेच जातो, त्यामुळे जे काय असेल ते पाठीवर, डिकीत टाकून पायथ्यापर्यंत नेलं असं होत नाही.

आत्तापर्यंत भाड्याचा तंबू न्यायचो. साडेतीन किलोच्या पुढे वजन आणि काड्या फायबरच्या. मागच्या सीझनला धोडपला रात्री वारा सुटला आणि एक काडी उभी चिरली, चिरलेलं टोक फ्लायमधून, म्हणजे वरच्या कापडातून, आरपार बाहेर. उरलेली रात्र गुहेत काढली. तेव्हाच ठरवलं की आता स्वतःचा घ्यायचा.

बजेट दोघांत मिळून बारा हजार, फारच चांगलं असेल तर अजून दोनेक हजार ताणू. नेटवर बघायला बसलो की डोकं फिरतं, कोणी म्हणतं ट्रेकिंग पोलवर उभा राहणारा घे, कोणी म्हणतं नुसता टार्प, म्हणजे वर ताणायचं ताडपत्रीसारखं कापड, ने सातशे ग्रॅममध्ये काम होतं, कोणी म्हणतं डोमशिवाय, म्हणजे वाकवलेल्या काड्यांवर स्वतः उभ्या राहणाऱ्या घुमटाशिवाय, दुसरं काही घेऊच नको. हे व्हिडिओ सगळे बाहेरच्या देशातले, तिथे मऊ गवतावर तंबू लावतात, आपल्याकडे कातळ. पुढच्या जूनमध्ये हिमाचलमध्ये एक ट्रेक स्वतःचं सामान घेऊन करायचाय, तिथेही तोच चालला तर बरं. पावसाळ्यात आम्ही मुक्काम करत नाही, एका दिवसात जाऊन येतो.

ज्यांनी आपल्या भागात खरंच वापरलेत त्यांनी सांगा.

सातमाळ_भटका

भाऊ प्रश्न नीट मांडलात म्हणून नीट लिहितो, थोडं लांबेल.

आधी वजनाचं. जाहिरातीत जे वजन असतं ते बऱ्याचदा इनर (आतला जाळीचा भाग), फ्लाय आणि काड्या एवढ्याचंच असतं. पेग (जमिनीत ठोकायच्या खुंट्या), दोऱ्या, पिशवी, खालचा कागद हे धरलं की त्यात दोनतीनशे ग्रॅम वाढतात. म्हणून घ्यायच्या आधी पूर्ण पॅकचं वजन विचारा. आणि दोघं जाताय तर ते वजन दोघांत वाटलं जातं हे विसरू नका. अडीच किलोचा तंबू म्हणजे माणशी सव्वा किलो, दीड किलोचा घेतला तर माणशी पाऊण किलो. फरक अर्ध्या किलोचा, म्हणजे अर्धा लिटर पाणी. आपल्याकडे जानेवारीनंतर टाक्यांचा भरवसा नसतो आणि प्रत्येकी तीन-चार लिटर पाणी वर चढवावं लागतं, तेव्हा हे अर्धा किलो कामाला येतं, पण त्यापायी कर्ज काढायची गरज नाही.

आता प्रकार. डेकॅथलॉनचा दोन माणसांचा साधा डोम अडीच किलोच्या आसपास भरतो, किंमत तुमच्या बजेटच्या बरीच आत. मजबूत आहे, कुठेही उभा राहतो, नवशिक्याला पाच मिनिटांत लागतो. नेचरहाइकचा क्लाउड अप दोन माणसांचा हलक्या कापडातला पावणेदोन किलोच्या आसपास, काड्या अॅल्युमिनियमच्या. तो पुढून स्वतः उभा राहतो पण पायाकडचे दोन कोपरे पेगने ताणावे लागतात, नाहीतर इनर पायावर येतो. आणि तिसरा प्रकार ट्रेकिंग पोलवाला, लानशान वगैरे, तो सव्वा किलोच्या आतबाहेर. काड्याच नाहीत त्यामुळे चिरायचा प्रश्नच संपला, तुमच्या चालायच्या काठ्याच खांब होतात.

पण पोलवाल्याची एक अट आहे, चारही कोपरे ताणलेले पाहिजेत, एक पेग सुटला की अख्खा तंबू अंगावर येतो. आणि आपल्या गडांच्या माथ्यावर पेग जातो कुठे? वर बोटभर माती, खाली बेसॉल्ट. कंपनी देते त्या बारीक तारेच्या पेगचे मुरमात पहिल्याच ठोक्याला धनुष्य होतं. तारेचे फेकून द्या, इंग्रजी वाय आकाराचे अॅल्युमिनियमचे पेग मिळतात, एक साधारण पंधरा ग्रॅमचा, मुरमात तेच टिकतात. आणि जिथे पेग जातच नाही तिथे दगड. दोरीच्या फासात एक आडवी काटकी किंवा मुठीएवढा दगड अडकवायचा, तो जमिनीवर ठेवायचा, आणि त्याच्या पुढे, तंबूच्या बाजूला, मोठा दगड दोरीवर टेकवायचा. वारा दोरी ओढायला लागला की लहान दगड मोठ्याला जाऊन अडतो. नुसती दोरी मोठ्या दगडाला गुंडाळली तर कातळाच्या धारेवर रात्रभर घासून तुटते, हा फरक लक्षात ठेवा. यासाठी प्रत्येक कोपऱ्याला मीटरभर जादा दोरी बांधून ठेवा, घरीच.

डोमला दगड लागत नाहीत असं नाही बरका. तो उभा राहतो, पण रिकामा असताना उडतो. पतंगासारखा दरीत गेलेला डोम मी बघितलाय, दुसऱ्या ग्रुपचा होता.

तुम्ही दोघंही काठ्या वापरत असाल तर पोलवाला घ्या. काठ्या वापरत नसाल तर केवळ तंबूसाठी काठ्या घेऊ नका, मग क्लाउड अप.

रानवाट

वरच्या दादांनी तंबूचं सगळं सांगितलंच आहे, मी फक्त टार्पबद्दल बोलते कारण तो सल्ला वाचून मला काळजी वाटली.

नुसता टार्प किंवा खालून उघडा तंबू आपल्याकडे जमिनीवर झोपायला नको. कृपया नको. सह्याद्रीत विंचू आहेत, फुरसं आहे, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मण्यार. मण्यार रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि चावलेलं बऱ्याचदा कळतही नाही, दुखत नाही, सूज नाही, खूण दिसेल न दिसेल. माणूस पहाटे पोट दुखतंय, गिळता येत नाहीये, पापण्या उघडत नाहीयेत म्हणून उठतो. किल्ल्यावरून खाली उतरायला तीन तास, तिथून ग्रामीण रुग्णालय अजून पुढे. पावसाळ्यात आणि त्यानंतर लगेच हे जास्त होतं, आणि ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढं असतं तेव्हा तर विचारूच नका. थंडीत साप कमी दिसतात पण दगडाच्या सांदीतला विंचू असतोच.

बाहेरच्या देशातले लोक टार्पवर जातात ते त्यांच्या जमिनीचा हिशोब करून. आपला हिशोब वेगळा आहे. शिवलेला तळ, त्याच्या कडा वीतभर वर आलेल्या, चारी बाजूला जाळी आणि पूर्ण बंद होणारी झिप, एवढं असलेला इनर ही आपल्याकडची पहिली गरज. त्यासाठी चारपाचशे ग्रॅम वाढले तर वाढू द्या. आणि झिप रात्री उघडी टाकायची नाही, बूट आत घ्यायचे, सकाळी ते झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही.

आता याच इनरची एक चांगली गोष्ट. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पाऊस नसतोच जवळजवळ. हवामान साफ असेल तर बरेच जण फ्लाय घरी ठेवून नुसता जाळीचा इनर नेतात, वजन निम्म्यावर येतं आणि आडवं पडल्या पडल्या आकाश दिसतं. मात्र ओझरकर, तुमचा जो प्रकार ठरेल त्यात इनर एकटा उभा राहतो का ते बघून घ्या. डोममध्ये राहतो. पोलवाल्यांपैकी काहींमध्ये इनर फ्लायला आतून लटकवलेला असतो, त्यांना वेगळ्या दोऱ्या बांधाव्या लागतात.

सिंगल वॉलबद्दल, म्हणजे एकाच कापडाच्या तंबूबद्दल, विचारलं नाहीत पण बघत असालच, हलका म्हणून. माणूस रात्रभरात श्वासातून साधारण कपभर पाणी सोडतो. दोघांचं दोन कप. ते थंड कापडावर आतून जमतं, आणि एकच कापड असेल तर पाठ टेकली की स्लीपिंग बॅग ओली. डबल वॉलमध्ये, म्हणजे इनर आणि फ्लाय वेगळे असतात त्यात, ते फ्लायच्या आतल्या बाजूला जमतं, तुमच्यात आणि त्याच्यात जाळी असते. भंडारदऱ्याला पाण्याच्या कडेला तंबू लावणाऱ्यांना विचारा, सकाळी फ्लाय पिळून काढावी लागते. निरभ्र रात्री थंड हवा उतरून खोलगट जागेत साचते, शिवाय जलाशयाची दमट हवा. तोच तंबू पाण्यापासून थोडा वर, झाडाखाली लावला तर पुष्कळ कोरडा राहतो. लोक तंबूला शिव्या घालतात, खरं म्हणजे जागा चुकलेली असते. निफाड-ओझरकडे थंडीत पारा पाच-सहाच्या खाली येतो तेव्हा गडावर त्याहून गार असेल असं आपण धरून चालतो, पण वारा पडलेल्या रात्री माथा खोऱ्यापेक्षा उबदार असतो, असं कितीदा तरी होतं.

भंडारदरा, रतनवाडी, घाटघर हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिकडे मुक्काम करायचा असेल तर वनविभागाच्या नाक्यावर विचारूनच.

बागलाणी

ओझरकर भो, साल्हेरला या पण माथ्यावर परशुरामाच्या देवळापाशी तंबू लावायच्या फंदात पडू नका. 1567 मीटर उंची, राज्यात कळसूबाईनंतर हाच, आणि वरती आडोसा म्हणून काही नाही. तिथला वारा तुमच्या बारा हजारांच्या तंबूला पण ऐकायचा नाही. खाली गंगासागर तलावाच्या बाजूला पठार आहे, गुहा पण तिथेच. बहुतेक लोक गुहेतच झोपतात. गुहेत झोपणार असाल तरी इनर लावा, आतमध्ये धूळ, पिसवा, उंदीर, रात्री पिशवी कुरतडतात. जाळीचा इनर गुहेत लावला की काम फत्ते, पेग पण लागत नाहीत, चार कोपऱ्यात चार बाटल्या नाहीतर बॅगा ठेवल्या की झालं.

अजून एक, आणि हे जरा कळकळीने सांगतो. वर त्या दादांनी दगडाची पद्धत सांगितली ती बरोबर आहे, पण दगड कुठून घेता ते बघा. तटबंदीतला, बुरुजाचा, जोत्याचा, पडलेल्या वाड्याचा एक पण दगड उचलायचा नाही. पोरं येतात, चुलीला आणि तंबूला घडीव दगड ओढून आणतात आणि तिथेच टाकून जातात. आमच्या भागातली पोरं आणि दुर्गसंवर्धनवाले सुट्टीच्या दिवशी येऊन तेच दगड परत जागेवर लावतात. 1672 ची लढाई झालेला किल्ला आहे हा, 2025 ला युनेस्कोच्या यादीत पण आलाय. ओढ्याकडेचे, पठारावरचे सुटे दगड पुष्कळ पडलेत, ते घ्या आणि सकाळी पसरून टाका. टाक्याच्या काठाला पेग ठोकायचा नाही, तिथला कातळ आधीच भेगाळलेला असतो.

आणि माकडं. तंबू लावून तुम्ही माथा बघायला गेलात आणि आत बिस्किटचा पुडा राहिला, तर आल्यावर जाळी फाटलेली दिसणार. जेवढं खायचं सामान असेल ते सोबत घेऊन फिरा, रिकाम्या तंबूच्या झिपा उघड्या ठेवल्या तरी चालतील, माकड निदान फाडून तरी आत जाणार नाही.

ओझरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. टार्प डोक्यातून काढला, रानवाट ताई तुमचं वाचून मावसभावाने पण लगेच मान्य केलं, त्याचाच आग्रह होता.

आम्ही दोघंही काठ्या वापरतो, त्यामुळे पोलवाल्याकडे मन वळतंय. आता कापडावर अडलोय. सिलनायलॉन, सिलपॉलिस्टर, पीयू, आणि एक डीसीएफ म्हणून आहे. आणि ते तीन हजार एमएम, पाच हजार एमएम काय भानगड आहे, जेवढं जास्त तेवढं चांगलं का?

कव्हरवाला_अंबड

हे माझ्या कामातलं आहे, अंबडला एमआयडीसीत गाड्यांची आणि मशीनची कव्हरं शिवतो, कापड रोज हातात असतं, म्हणून लिहितो.

एमएम म्हणजे कापडावर पाण्याचा उभा स्तंभ किती उंच होईपर्यंत थेंब आत येत नाही तो आकडा. पावसासाठी वरच्या फ्लायला 1500 असला तरी पुरतो. तळाला जास्त पाहिजे, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की पाणी दाबाने वर येतं, तिथे 3000 धरा. फ्लायला 5000 घेऊन फक्त वजन वाढतं. कापडाच्या जाडीचा आकडा वेगळा, तो डेनियर. 15-20 डेनियर म्हणजे खूप पातळ, करवंदीच्या जाळीत अडकलं की गेलं. साध्या तंबूत 70 च्या आसपास असतो.

पीयू म्हणजे कापडाला आतून दिलेला पॉलियुरेथेनचा लेप. स्वस्त, आणि त्याच्या शिवणीवर पट्टी चिकटते म्हणून कारखान्यातूनच शिवण बंद होऊन येते. याला दमटपणा सहन होत नाही. ओला तंबू गुंडाळून माळ्यावर टाकला की लेप चिकट होतो, वास मारतो, मग पापुद्रे सुटतात. एकदा ते सुरू झालं की इलाज नाही. नाशिकमध्ये जूनपासून चार महिने हवा कशी असते माहितीये ना, कपडे वाळत नाहीत. पावसाळ्याआधी तंबू पूर्ण उन्हात नाही, सावलीत वाळवायचा, आणि कंपनीच्या घट्ट पिशवीत नाही तर जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवायचा. जास्त ऊन पण कापडाला खातं, विशेषतः नायलॉनला, म्हणून दिवसभर गच्चीवर टाकून ठेवू नका.

सिल म्हणजे सिलिकॉन. दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असेल तर कापड लवकर फाटत नाही आणि पीयूसारखं चिकटत नाही. नायलॉन आणि पॉलिस्टरमध्ये फरक हा की नायलॉन ओलं झालं की सैल पडतं. संध्याकाळी ढोलासारखा ताणलेला तंबू मध्यरात्री दवाने लोंबायला लागतो आणि उठून परत ताणावा लागतो. पॉलिस्टर तसं करत नाही, ऊनही जास्त सोसतं, मात्र त्याच वजनात नायलॉन फाटायला जास्त चिवट. पोलवाल्या तंबूचा सगळा भार ताणावरच असतो म्हणून मी तरी पॉलिस्टर म्हणेन. डीसीएफ म्हणजे डायनिमाचं अतिहलकं कापड, ते विसरा, आपल्याकडे येईपर्यंत पन्नास हजारांच्या पुढे जातं.

दोन्हीकडून सिलिकॉन असेल तर शिवणीवर पट्टी चिकटतच नाही, म्हणजे शिवण उघडी येते आणि पाणी सुईच्या भोकातून आत येतं. काही विक्रेते बंद करून देतात, बरेच देत नाहीत, विचारा. नसेल तर घरी करता येतं. हार्डवेअरच्या दुकानातलं शंभर टक्के सिलिकॉनचं पारदर्शक सीलंट घ्यायचं, मिनरल टर्पेंटाईनमध्ये ढवळून पातळ मधाएवढं करायचं, तंबू ताणून उभा करायचा आणि बारीक ब्रशने शिवणीवर बाहेरून भरायचं. ताणल्यावर भोकं उघडतात आणि त्यात ते उतरतं, घडी घालून लावलंत तर वरवर राहील. बोटाने जास्तीचं पुसून घ्या. मोकळ्या हवेत करा, वास डोक्यात जातो. दुसऱ्या दिवशी पावडर टाकून झटका म्हणजे घडी एकमेकाला चिकटत नाही. हे पीयूच्या बाजूवर धरत नाही, तिथे पीयूचंच सीलंट लागतं.

रानवाट

कापडाचं एवढं सोप्या भाषेत कुठे वाचलं नव्हतं, धन्यवाद दादा.

हिमाचलचं राहिलं होतं. जूनला बर्फ पडण्यापेक्षा दुपारनंतरचा पाऊस आणि गारा हा मुख्य त्रास, त्यासाठी थ्री सीझनच (बर्फाळ थंडी सोडून वापरायचा) पुरे, फोर सीझन (बर्फातलाही) घेऊन वजन वाढवू नका. पोलवाल्याचा तिथे एक फायदा आहे, बहुतेकांत फ्लाय आधी उभी राहते आणि आतला इनर मागून लावता येतो, भर पावसात इनर भिजत नाही. साध्या डोममध्ये आधी इनर उभा करावा लागतो. फ्लायची कड जमिनीपासून फार वर असेल तर वारा खालून आत शिरतो, तिथे कड खाली घेऊन लावायची, आपल्याकडे मात्र वितभर वर उचलायची म्हणजे हवा खेळते आणि आत पाणी कमी धरतं. स्टोव्ह कितीही थंडी असली तरी तंबूच्या आत पेटवायचा नाही, आगीपेक्षा कार्बन मोनॉक्साईड वाईट, त्याला वास नसतो.

आणि कधी हिमाचलऐवजी उत्तराखंड ठरलं तर तिथे बुग्यालांवर, म्हणजे वरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला हायकोर्टाने 2018 मध्ये बंदी घातली आहे. मार्ग आधी तपासून घ्या.

ओझरकर

ठरलं मग. दोन माणसांचा पोलवाला, डबल वॉल, शिवलेला तळ, कापड पॉलिस्टर मिळालं तर तेच. वाय पेग वेगळे घेतो. शिवण कव्हरवाले दादांच्या पद्धतीने घरी भरणार, आमच्या खळ्यावर तंबू ताणायला जागा आहे.

एक शेवटचं, खालचा कागद म्हणजे फुटप्रिंट कंपनीचा दीड-दोन हजाराला दाखवतायत. तो लागतोच का?

बागलाणी

कागद लागतो, आपल्या जमिनीवर कुसळं आणि काटे इतके की पातळ तळाला पहिल्याच मुक्कामात भोकं पडतील. पण दोन हजार कशाला घालवता भो. ओझरचे ना तुम्ही, आजूबाजूला टोमॅटोवाले असतीलच, त्यांच्याकडून मल्चिंग पेपरचा तुकडा मागा. चार फूट रुंद येतो, दोन माणसांच्या तळाला थोडासा कमीच पडतो आणि तसाच पाहिजे, तळाच्या बाहेर कागद आला तर त्यावर पडलेलं पाणी तंबूखाली घुसतं. सात फूट कापला तर सत्तर-ऐंशी ग्रॅमच्या आत बसतो. तीस मायक्रॉनचा बघा, पंचवीसचा लवकर फाटतो. भोकं पाडलेला नको, नवीन रोलातला. काळी बाजू वर ठेवा, चंदेरी बाजू डोळ्यावर चमकते. फाटला की घरी आणा, डोंगरावर सोडू नका.

आणि बसचं बघून निघा, सटाण्याहून ताहाराबादपर्यंत गाड्या मिळतात, तिथून पुढे वाघांबे-साल्हेरवाडीकडे कमी आहेत. सकाळी लवकर पोचलात तर दुपारच्या आत पठारावर असाल, उजेडात जागा निवडायला मिळेल.